पुढच्याचं चाक

"तिथी बघून यावं ना, बाय," कोळीण म्हणाली. त्या वेळी माझा डावा पाय घोट्याच्या वर चिखलात रुतला होता, सायकल खांद्यावर होती, आणि मार्व्याच्या धक्क्यापासून बोट इतकी लांब उभी होती की ती आपली वाट बघतेय की आपल्याला टाळतेय, हे कळत नव्हतं.

जानेवारीतला पहिला रविवार, सकाळचे साडेसहा. आम्ही आठ जण. आमच्या सायकल ग्रुपच्या कॅप्टननं आठवडाभर आधीपासून सगळी तयारी केली होती. थंडी किती असेल, सूर्योदय किती वाजता, नाश्ता कुठे, कुणाकडे किती ट्यूब, सगळं ग्रुपवर येऊन पडलं होतं. भरती-ओहोटी तेवढी राहिली होती. आदल्या दिवशी पौर्णिमा होऊन गेलेली. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, हे शाळेत शिकलेलं आम्हा आठांपैकी कुणालाही आठवलं नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. ते चार मीटर उताराच्या किनाऱ्यावर आडवे पसरले की त्यांचा केवढा चिखल होतो, ते मी त्या दिवशी पायानं मोजलं.

बोटीवर बसल्यावर त्या कोळणीनं हिशोब सांगितला. मांडीवर रिकामी टोपली होती, बोटं टोपलीच्या काठावर आपटत आपटत ती सांगत होती. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला नऊ. आज प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती. त्याच्या सहा तास मागे जा, पावणेसात. "म्हणजे आता खडखडाट," ती म्हणाली. आमच्यातले डॉक्टर दातांचे, पण हिशोबाचे पक्के. त्यांनी खिशातून फोन काढून ताळा करून पाहिला. पाच-दहा मिनिटांचा फरक निघाला. "काढा ते ॲप," असं ते कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

खाडी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण तेवढ्यात एक गोष्ट होते, ती म्हणजे तुम्ही बेटावर जाता. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी, चौक ही सगळी गावं ज्या जमिनीवर आहेत त्या जमिनीचं जुनं नाव धारावी बेट. धारावी म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर माहीमच्या बाजूची धारावी येते, म्हणून हे नाव आता फारसं कुणी घेत नाही. एका बाजूला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला मनोरीची खाडी. भाईंदरच्या बाजूला मिठागरं, भराव आणि रस्ता होऊन बेटपण पुसट झालंय, त्यामुळे भाईंदरहून रिक्षानं उत्तनला येणाऱ्याला आपण बेटावर आलो हे कळतही नाही. मनोरी-गोराई मुंबईत मोडतात. उत्तन, चौक ठाणे जिल्ह्यात. एवढ्याशा जमिनीचे दोन जिल्हे. कोकण म्हटलं की आपल्याला एकदम रत्नागिरी आठवते, पण माझ्यासाठी ते बोरिवलीच्या माझ्या खिडकीतून खाडीपलीकडे दिसणाऱ्या माडांपासून सुरू होतं. इतकी वर्षं ते दिसत होतं, आणि मी तिकडे फार तर चार वेळा गेले असेन. त्यातल्या दोन वेळा मुलाला तिकडच्या करमणुकीच्या पार्कातल्या पाळण्यांत बसवायला.

सायकल मी पन्नाशीत घेतली. घेतली म्हणजे वापरलेली घेतली, ॲल्युमिनियमची, बारीक टायरची रोड बाइक. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर दोन महिने मी घरात कपाटं आवरली. तिसऱ्या महिन्यात आवरायला कपाट उरलं नाही. मग हा ग्रुप मिळाला. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत रांगेतली माझी जागा ठरून गेलीय: शेवटची. कुणी ठरवून दिलेली नाही. मला आवडते.

सायकलवाल्यांची रांग हे मोठं धूर्त प्रकरण असतं. सपाट रस्त्यावर ताशी २५-३०चा वेग धरला की अंगातली निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते. रस्ता, चेन यांचं देणं त्यामानानं किरकोळ. मग करायचं काय, तर दुसऱ्याच्या पाठीमागे लपायचं. पुढचा हवा फाडत जातो, त्याच्या मागे थोडी मोकळी जागा तयार होते, त्या जागेत आपण शिरायचं. वीतभर-हातभर अंतर ठेवून त्याच्या चाकाला चिकटलं की आपली चौथा हिस्सा तरी मेहनत वाचते. याला ड्राफ्टिंग म्हणतात. पुढचा दमला की बाजूला होऊन मागे येतो, दुसरा पुढे जातो. असं पाळीपाळीनं करायचं असतं. मी पाळी घेत नसे. आधी सगळ्यांना वाटलं नवी आहे, मग वाटलं वय आहे, मग कुणाला काही वाटेनासं झालं. बँकेतही मी हेच केलं होतं. कुठल्या साहेबाच्या मागे उभं राहिलं की वारा लागत नाही, हे मला चटकन कळायचं.

आता या चिकटून चालवण्याला एक अट आहे. नजर पुढच्याच्या चाकावरून हलवायची नाही. पुढच्यानं ब्रेक मारला आणि तुम्ही माड बघत असाल, तर तुम्ही, तुमची सायकल आणि मागचे तिघे माडाखाली. त्यामुळे मनोरीहून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर मी जे बेट पाहिलं ते असं: एक काळा टायर, त्यावर पिवळी रेघ, रेघ मधे एका जागी खरवडलेली, वर डॉक्टरांच्या पोटऱ्या. पुढून आरोळ्या येत. "खड्डा!" "कुत्रा डावीकडे!" "गाडी समोरून!" म्हणजे मला आजूबाजूच्या जगाची बातमी मिळत होती, जग दिसत नव्हतं.

ते दिसलं पंक्चर झाल्यावर.

गोराईच्या अलीकडे मीरारोडच्या जोडप्यातल्या नवऱ्याचं मागचं चाक फुस्स झालं. बारीक तार घुसली होती, शिवणाच्या सुईएवढी. चाक काढा, ट्यूब काढा, तार शोधा, ती सापडेपर्यंत टायरच्या आतून बोट फिरवत राहा (आणि ती बोटालाच सापडते). सात जणांचे सात सल्ले. मला कामच नव्हतं. मी मागे वळले तर आम्ही एका घराच्या ओट्यासमोरच उभे होतो. कौलारू घर, समोर सिमेंटचा पांढरा क्रूस, क्रूसाला शिळी झेंडूची माळ, आणि ओटीवर नाताळचा कागदी तारा अजून टांगलेला. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, लुगडं नेसलेली. चिंचा सोलत होती.

"पानी पायजे काय?" तिनं विचारलं.

मी पाणी घेतलं, आणि ओट्याच्या पायरीवर टेकले. ती बोलत होती ती मराठीच, पण तिच्यातले हेल वेगळे, शब्दांच्या टोकाला किंचित वर जाणारे. या किनाऱ्यावरचे जुने ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. राहतात पश्चिम किनाऱ्यावर, आणि नाव पूर्वेचं. मला हे पूर्वी फार विनोदी वाटायचं. नंतर वाचलं, की १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा या लोकांनी ते नाव जाणून घेतलं. नोकऱ्यांसाठी गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती लोक मुंबईत येत होते, आणि इथल्यांना सांगायचं होतं की आम्ही आलेले नाही, आम्ही इथलेच, कंपनी सरकारच्या पहिल्या दिवसांपासूनचे. कंपनीचं नाव त्यांनी अंगाला लावून घेतलं ते असं. नाव साहेबाचं, भाषा मराठी, धर्म पोर्तुगीजांच्या वेळचा, आणि हातात चिंच.

"तारा कधी उतरवणार?" मी विचारलं.

"तीन राजांचा सण झाला का," ती म्हणाली. तो ६ जानेवारीला. म्हणजे अजून दोन दिवस होते. मग तिनं मला विचारलं की हे सगळे कशाला एवढं पळतायत. मी म्हटलं, चौकापर्यंत जाऊन परत यायचंय. "तिकडं काय हाय?" मला पटकन काही सांगता येईना. "नाश्ता," मी म्हटलं. हे तिला पटलं.

गोराईत रस्त्याच्या एका बाजूला पॅगोडा वर येतो. सोन्यासारखा पिवळा, खाडीच्या पलीकडून रोज दिसतो तोच. २००९मध्ये तो उघडला. आत एका वेळी ८,००० माणसं ध्यानाला बसतात आणि एवढ्या घुमटाला मधे एकही खांब नाही, दगड दगडात अडकवून तोलला आहे. आम्ही थांबलो नाही. ध्यान करायला वेळ नव्हता, आमचा सरासरी वेग कमी होत होता.

पुढे केशवसृष्टी या संस्थेच्या बाजूचा चढ लागला. चढ मला आवडत नाही, पण एका बाबतीत तो न्यायी असतो. वेग दहावर आला की हवा कापायचा प्रश्नच उरत नाही, वजन वाहायचा उरतो, आणि माझं वजन दुसरं कुणी वाहू शकत नाही. चढावर कुणाच्या मागे लपता येत नाही. मी सगळ्यांच्या मागे, तोंड उघडं टाकून, झिगझॅग करत चढले. वर पोचले तेव्हा सात जण उभे राहून शेंगदाण्याच्या चिक्क्या खात होते, आणि "शाब्बास मॅडम" म्हणाले. हे "शाब्बास" मला दोन वर्षं मिळतंय. ते अजून संपलेलं नाही याचंच मला वाईट वाटतं.

चौक म्हणजे बेटाचं उत्तरेचं टोक. इथून वसईची खाडी तोंड उघडते आणि पलीकडे वसईचा किल्ला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई घेतली, मे महिन्यात. त्याआधी मार्चमध्ये धारावी घेतली होती. इथे उभं राहिलं की त्याचं कारण कुणी सांगावं लागत नाही. समोर खाडीचं तोंड, त्यातून येणारी-जाणारी प्रत्येक बोट हाताच्या अंतरावर. धारावी ज्याच्याकडे, त्याला वसईची रसद अडवता येते. शाळेत आम्हाला वसईची लढाई होती, धारावीची ओळ नव्हती. दरवाजाची कडी कुणाच्या लक्षात राहते.

टपरीवर पोहे, अंडा-पाव आणि दोन वेळा चहा झाला. तिथे कॅप्टननं आकडा काढला. सगळं बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलनं मोजलं तरी वीस किलोमीटर भरत नाहीत, आणि आमचं ठरलं होतं पन्नास. बेट लहान पडलं. मग ठरलं की पुन्हा गोराईपर्यंत खाली जायचं, तिथून वळून पुन्हा उत्तन, आणि तिथून भाईंदर. तेच तेच रस्ते तीनदा. आकड्यासाठी माणूस काय करतो! एकदा आमच्यातले दोघे सोसायटीच्या मैदानाला रात्री दहा वाजता फेऱ्या मारत होते, ९८चे १०० करायला. मी हसले होते. मीही मारल्या होत्या, वेगळ्या दिवशी.

खाली जाताना आम्ही राजे होतो. सायकली आपोआप पळत होत्या. कुणीतरी "एकतीस!" असं ओरडलं, मग "तेहतीस!" मलाही वाटलं की दोन वर्षांची मेहनत आज फळाला आली. पोह्यांत काहीतरी होतं, असंही डॉक्टर म्हणाले. गोराईला वळलो, आणि कुणीतरी समोरून छातीवर हात ठेवून ढकलावं तसं झालं.

वारा होता. तो मघापासूनच होता, आमच्या पाठीला हात लावून. सकाळी किनाऱ्यावरची हवा निपचित होती, रात्री जमीन गार झालेली, मतलई वाऱ्याची शेवटची झुळूक काय ती. उन्हं वर आली, जमीन तापली, आणि समुद्रावरून खारा वारा सुटला. इथे थंडीच्या दिवसांत तो वायव्येकडून येतो. म्हणजे खाली येताना आमचा, वर जाताना आमच्या विरुद्ध. भूगोलाच्या पुस्तकातले मतलई वारे आणि खारे वारे: बाणांच्या दोन आकृत्या, तीन गुणांचा प्रश्न. एकदाही हरकत न घेता मी ते पाठ केले होते.

वेग अठरावर आला. कॅप्टन म्हणाला, दोन-दोन मिनिटांची पाळी, सगळ्यांनी. "सगळ्यांनी" म्हणताना त्यानं मागे बघितलं नाही, पण मला ऐकू आलं. एक झाला, दुसरा झाला. माझ्यापुढे डॉक्टर. त्यांच्या पोटरीत गोळा आला, ते एकदम बाजूला झाले, आणि माझ्यासमोर चाकच नव्हतं.

पहिला मिनिटभर मला फक्त कानांत वारा ऐकू आला. साडीचं ओलं धुणं फडफडावं तसा. दम लागला. मग लक्षात आलं की मान वर आहे. बघायला चाक नाही, म्हणून मी बघत होते ते सगळंच. डावीकडे झाडांमागे समुद्राचे तुकडे, उन्हात पत्र्यासारखे. एक विहीर, तिच्यावर रहाट नव्हता पण रहाटाचे दोन दगडी खांब होते. ताडाच्या झाडाला खाचा पाडलेल्या, वरपर्यंत. एका वळणावर निळा रंग दिलेला छोटा क्रूस, त्याच्यापुढे विझलेली मेणबत्ती. या रस्त्यावरून मी त्या दिवशी तिसऱ्यांदा जात होते. विहीर तीनही वेळा तिथेच असणार.

माझी दोन मिनिटं झाली. मी बाजूला झाले नाही. पाच झाली असतील, जास्तही. मागून कुणी "मॅडम, या मागे" म्हटलं, ते मी वाऱ्यावर सोडून दिलं. खरं सांगते, त्यात शौर्य काही नव्हतं. पुन्हा टायर बघायचा कंटाळा आला होता.

चढावर अर्थातच मला सगळ्यांनी मागे टाकलं.

उत्तनला उतरल्यावर रस्त्याकडेला वलांड्या सुरू होतात. बांबू उभे-आडवे बांधून केलेले मांडव, त्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. सकाळी जाताना मला फक्त वास आला होता. आता मी एकटी, मागे पडलेली, थांबले. बोंबील वाळत घालायची पद्धत मी पहिल्यांदा जवळून बघितली. दोन बोंबील घेतात आणि एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात. दात दातांत बसतात. मग ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. खिळा नाही, गाठ नाही. ओळीच्या ओळी तशाच, एकमेकांच्या तोंडावर लटकलेल्या आणि वाऱ्यानं हलणाऱ्या.

वलांडीखाली एक बाई राहिलेली टोपली उपसत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं.

"चौकाला गेल्ता काय? वारा कसा हाय तिकडं?"

"फार आहे हो मावशी," मी म्हटलं. "नुसता तोंडावर."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि मनापासून खूष झाली.

ताज्या बोंबलात ८५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. हातात धरला तर निसटतो. ते पाणी दोन-तीन दिवसांत गेलं पाहिजे, नाहीतर माल जातो. नुसतं ऊन पुरत नाही, वारा लागतो, आणि कोरडा लागतो. आभाळ आलं, अवकाळीचे चार थेंब पडले, की सगळी वलांडी मातीमोल. समुद्रात बोंबील धरतात तेही ओढीवरच. डोल जाळं पाण्यात बांधून ठेवायचं, तोंड उघडं करून, आणि भरती-ओहोटीच्या पाण्यानं मासे आत आणून टाकायचे. जाळं मासळीच्या मागे धावत नाही. हे तिनंच मला सांगितलं, हात चालवत चालवत. मी तिला सकाळची तिथीची गोष्ट सांगितली. "पाऊणपट? हा. पन तवा वारा बी बघावा लागतो," ती म्हणाली. इथे सगळ्यांचाच हिशोब चालू होता, आमचाच तेवढा सरासरीचा होता.

मी सुके बोंबील घेतले. पिशवी नव्हती. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, ते जर्सीच्या पाठच्या खिशांत, तीनही, ट्यूब आणि पंप बाहेर काढून. पंप दातांत धरून पुढे गेले, तर सगळे नाक्यावर सरबत पीत थांबलेले.

भाईंदरकडे निघताना कॅप्टन म्हणाला, "मॅडम आज फॉर्मात आहेत, पहिली पाळी मॅडमची." मी पुढे झाले. माझ्यामागे डॉक्टर. शंभर मीटर गेले नसू, तर मागून आवाज आला, "थांबा, थांबा, हे काय आहे?" पुढच्याच्या पाठीमागे जी मोकळी जागा तयार होते ना, तिच्यात वारा नसतो. बाकी सगळं असतं.

मला शेवटी पाठवण्यात आलं. एकमतानं. वर असंही ठरलं, की मी किमान दहा हात अंतर ठेवायचं.

राई-मुर्ध्यापर्यंत मी तशीच आले, सगळ्यांच्या मागे, दहा हात सोडून. तेवढ्यात वारा भरपूर लागतो. मिठागरांच्या बाजूला पाणी चढत चाललं होतं. पाऊण वाजला होता. मी घड्याळ बघितलं नव्हतं.